द्विभाषिक शाळेच्या निकालाची फोड

कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश-इंग्रजी प्राथमिक शाळेत मूल घालावं की नाही, हे ठरवताना बरेच पालक आधी तिसरीचा इंग्रजीचा निकाल बघतात. शेजारच्या नेहमीच्या शाळेपेक्षा तो खाली दिसतो आणि विषय तिथंच संपतो. अशाच एका शाळेच्या साइट कौन्सिलवर (शाळेच्या पालक-शिक्षक समितीवर) पालक-प्रतिनिधी म्हणून काम करताना आम्हाला हे आकडे वर्षानुवर्षं मांडून बघावे लागले, कारण शाळेचा वार्षिक आराखडा आणि त्यातला खर्च त्यांच्यावरच ठरतो. डेटा सगळा सार्वजनिक आहे. राज्याचा डॅशबोर्ड (शाळांची कामगिरी रंगांत दाखवणारी साइट), परीक्षांच्या निकालाची वेबसाइट आणि डेटाक्वेस्ट (राज्याची पटाच्या आकड्यांची साइट), एवढ्या तीन ठिकाणी हवं ते बहुतेक मिळतं. अडचण वेगळीच आहे. पटावर कोण मुलं आहेत हे बाजूला ठेवून नुसता निकाल वाचला, तर तो हमखास चुकीचा वाचला जातो. नुसता पट बघितला तरी तेच.

आधी शाळेचा साचा समजून घ्यावा लागतो. आमची शाळा ९०:१० पद्धतीची. किंडरगार्टनमध्ये दिवसाचा ९० टक्के वेळ स्पॅनिश आणि १० टक्के इंग्रजी. मग दरवर्षी इंग्रजी थोडी थोडी वाढत पाचवीत निम्मं-निम्मं होतं. वाचायला मूल आधी शिकतं ते स्पॅनिशमध्ये. इंग्रजी वाचनाचे रीतसर धडे बहुतेक ठिकाणी दुसरीच्या शेवटी किंवा तिसरीत सुरू होतात. आणि राज्याची परीक्षा येते ती तिसरीच्या वसंतात, पूर्ण इंग्रजीत. म्हणजे इंग्रजी वाचन जेमतेम सुरू झालेलं मूल चार वर्षं इंग्रजीत वाचणाऱ्या मुलाशेजारी बसून तोच पेपर देतं. तिसरीचा आकडा खाली असणं हा त्या साच्याचाच भाग आहे. ५०:५० पद्धतीच्या शाळेत ही घसरण बरीच कमी दिसते, म्हणून दोन द्विभाषिक शाळांची तुलना करायची तर आधी दोन्हींचं प्रमाण विचारून घ्यावं. आम्ही तिसरीचा आकडा पाचवीच्या शेजारी ठेवल्याशिवाय वाचतच नाही.

शाळेचं वयही बघावं लागतं. १९९८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २२७ या कायद्याने कॅलिफोर्नियात द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद पाडलं होतं. पालकांनी लेखी सूट मागितली तरच वर्ग चालवता येई. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रपोझिशन ५८ मंजूर झालं आणि १ जुलै २०१७ पासून ते बंधन गेलं. आता एका शाळेत ३० किंवा एका इयत्तेत २० मुलांच्या पालकांनी मागणी केली, तर शक्य असेल तिथं भाषा-कार्यक्रम द्यावा लागतो. म्हणून पुष्कळ शाळांचे वर्ग २०१७ नंतरचे आहेत. २०१८ साली किंडरमध्ये बसलेली पहिली तुकडी पाचवीत पोचली ती २०२३-२४ मध्ये. ही मुलं पहिलीत असताना, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नवी भाषा कानावर पडायचे नेमके दिवस त्यांनी स्क्रीनसमोर काढले. अशा एकाच तुकडीवरून कार्यक्रमाचं मूल्यमापन करणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

आता पट. द्विभाषिक शाळेचा पट आपोआप जमत नाही, तो जुळवावा लागतो. दोन्ही भाषांची मुलं वर्गात असली तरच ती एकमेकांकडून शिकतात, म्हणून कोणत्याही एका भाषेची मुलं एक-तृतीयांशाच्या खाली जाऊ नयेत असा या क्षेत्रातला मान्य दंडक आहे. त्यासाठी प्रवेशाची लॉटरी वेगवेगळ्या गटांत काढतात: स्पॅनिश बोलणारी, इंग्रजी बोलणारी, आणि काही ठिकाणी दोन्ही येणारी. परिसर महाग होत गेला की स्पॅनिश बोलणारी कुटुंबं लांब जातात, त्यांचे अर्ज कमी होतात आणि इंग्रजी गटाची प्रतीक्षायादी लांबते. डेटाक्वेस्टवर शाळेचा पट इयत्तावार उघडला की हे डोळ्यांना दिसतं. पाचवीत इंग्रजी शिकणारी मुलं किती आणि किंडरमध्ये किती, हे शेजारी ठेवा. पाचवीच्या मुलांतून बरीच जण तोवर रीक्लासिफाय होऊन, म्हणजे आता इंग्रजी पुरेशी येते असं ठरून, यादीबाहेर गेलेली असतात. तरीही किंडरचा आकडा पाचवीच्या जवळपासच असेल, तर शाळा बदलते आहे असं समजावं.

हे पटाचे आकडे ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारचे असतात. तो गणनेचा दिवस. त्यानंतर आलेलं किंवा गेलेलं मूल त्यात दिसत नाही, आणि वसंतात परीक्षा देणारी मुलं वेगळी असू शकतात. त्यामुळे दोन्हींची बेरीज जुळली नाही तर गोंधळून जायचं कारण नाही.

वंशाचा रकानाही सरळ नाही. आधी विचारतात, हिस्पॅनिक (मूळ लॅटिन अमेरिकेतलं किंवा स्पेनचं) की नाही. उत्तर ‘हो’ असेल तर पुढं काहीही लिहिलं तरी मूल त्याच रकान्यात मोजलं जातं. मेक्सिकन आई आणि मराठी बाप असलेलं मूल आशियाई रकान्यात सापडणार नाही. ‘हिस्पॅनिक’ म्हणजे घरी स्पॅनिश बोलणारं, असंही नाही. आमच्या शाळेतल्या कितीतरी लॅटिनो घरांत तिसऱ्या पिढीला स्पॅनिश येत नाही, आणि गेलेली भाषा परत यावी म्हणूनच ती मुलांना इथं घालतात. ती मुलं लॉटरीत इंग्रजी गटात असतात. म्हणून वंशाच्या रकान्यावरून भाषेचा अंदाज बांधणं आम्ही फार लवकर सोडून दिलं.

भाषेचा रकाना ठरतो तो प्रवेशाच्या दिवशी भरलेल्या एका पानावरून, घरच्या भाषेच्या सर्वेक्षणावरून. त्यात चार प्रश्न असतात. मूल बोलायला लागलं तेव्हा कोणती भाषा शिकलं, घरी जास्त कोणती बोलतं, आईवडील त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, आणि घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. पहिल्या तिन्हींपैकी एकाही उत्तरात इंग्रजीखेरीज भाषा आली की ३० दिवसांच्या आत एलपॅकची, म्हणजे इंग्रजी किती येते हे तपासणाऱ्या राज्याच्या परीक्षेची, पहिली फेरी होते. म्हणजे ‘मराठी’ लिहिलं की परीक्षा आलीच. गुण १५० ते ६०० च्या पट्टीवर मिळतात. ४५० किंवा जास्त मिळाले तर मूल सुरुवातीपासून इंग्रजी येणारं ठरतं. त्याखाली असेल तर इंग्रजी शिकणारं, म्हणजे ईएल.

पाच वर्षांचं मूल अनोळखी बाईंसमोर एकटं बसतं. बाई चित्र दाखवतात, विचारतात, मूल खाली मान घालून बोटांशी खेळत राहतं. घरी कार्टूनमधली इंग्रजी धडाधड बोलणारं हेच मूल तिथं तोंड उघडत नाही आणि ‘नवशिकं’ ठरतं. ही मोठी आपत्ती नाही. पुढची, दरवर्षीची एलपॅक १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात होते. तिच्याआधी वर्गीकरण चुकलं असं पालकांना किंवा शिक्षकांना वाटलं, तर ते तपासून दुरुस्त करण्याची सोय आहे. त्यासाठी अर्ज लेखी आणि वेळेत द्यावा. परीक्षा होऊन गेल्यावर सर्वेक्षणातली भाषा बदलली, तर मात्र निकाल तसाच राहतो. परीक्षा टाळायला ‘इंग्रजी’ लिहा, असा सल्ला ओळखीपाळखीतून मिळतो. तो आम्हाला पटत नाही. घरी मराठी बोलत असाल तर मराठीच लिहावं. राज्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि मराठी बोलणारी मुलं कुठं किती आहेत याची शाळेकडे नोंद राहते ती याच पानामुळे.

पण या मराठी मुलांमुळे निकाल वाचताना एक गफलत होते. ‘ईएल’ या एकाच रकान्यात स्पॅनिश, मराठी, तेलुगू, मँडरिन अशी सगळी मुलं येतात. अभियंत्याच्या घरातलं मराठी मूल दोन वर्षांत रीक्लासिफाय होतं आणि शाळेचा रीक्लासिफिकेशनचा दर छान दिसायला लागतो. ज्यांच्यासाठी द्विभाषिक वर्ग मुळात उभे राहिले, त्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचं काय झालं हे त्यातून कळत नाही. डेटाक्वेस्टवर ईएल मुलांची संख्या भाषेनुसार मिळते. निकाल भाषेनुसार मिळत नाहीत. ते शाळेच्या ऑफिसकडून, नावं काढून, मागून घ्यावे लागतात.

आता ज्या रकान्याने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं, त्याच्याकडे येऊ. ईएल मुलांचा निकाल दरवर्षी वाईट दिसतो आणि सभेत दरवर्षी तोच प्रश्न येतो, ही मुलं शिकत नाहीत का? हा रकाना गळक्या बादलीसारखा आहे. ज्या मुलाला इंग्रजी नीट यायला लागते ते रीक्लासिफाय होऊन बाहेर पडतं. त्यासाठी चार गोष्टी लागतात: एलपॅकमध्ये एकूण चौथा स्तर, शिक्षकांचं मत, पालकांशी चर्चा, आणि त्याच वयाच्या इंग्रजी मुलांच्या तुलनेत मूलभूत कौशल्यं. म्हणजे जो पुढं गेला तो गटातून गेला. मागं उरतात ती अजून धडपडणारी आणि नव्यानं आलेली मुलं. या गटाचा निकाल चांगला दिसणं जवळजवळ अशक्यच आहे.

आकड्यांत बघू. समजा पाचवीत ६० मुलं आहेत. त्यातली ३६ किंडरमध्ये ईएल म्हणून आली होती. पाचवीपर्यंत २० रीक्लासिफाय झाली, १६ उरली. उरलेल्या १६ पैकी २ जणांनी इंग्रजीचं मानक गाठलं, तर वेबसाइट दाखवेल १३ टक्के. रीक्लासिफाय झालेल्या २० पैकी १५ जणांनी गाठलं, म्हणजे ७५ टक्के. दोन्ही गट एकत्र केले की ३६ पैकी १७, म्हणजे ४७ टक्के. शाळेनं त्या मुलांसाठी काय केलं याचं उत्तर हे ४७ आहे. १३ नाही आणि ७५ ही नाही. म्हणून निकालाच्या पानावर ईएल आणि रीक्लासिफाय झालेली मुलं, दोन्ही रकाने काढून त्यांची बेरीज हातानं करायची. टक्क्यांची सरासरी काढायची नाही. प्रत्येक गटात परीक्षा दिलेली मुलं किती ते घेऊन डोकी मोजायची. ही चूक आम्ही सुरुवातीला केली. वरच्या उदाहरणात तशी सरासरी काढली तर १३ आणि ७५ ची ४४ येते. तिथं फरक तीन टक्क्यांचा आहे, पण गट लहान-मोठे असले की तो पंधरावर जातो.

याच ठिकाणी डॅशबोर्ड आणि निकालाची वेबसाइट यांचे आकडे जुळत नाहीत, आणि पालकांना वाटतं कुणीतरी लपवाछपवी करतंय. तसं नाही. डॅशबोर्डच्या शैक्षणिक मापात ईएल गटात रीक्लासिफाय होऊन चार वर्षं न झालेली मुलंही धरतात. निकालाच्या वेबसाइटवर ती वेगळी असतात. शिवाय डॅशबोर्ड टक्के देत नाही, मानकापासूनचं सरासरी अंतर गुणांत देतो. पाचवीचं इंग्रजीचं मानक २५०२ गुणांवर आहे, गणिताचं २५२८ वर. तिसरीत हेच २४३२ आणि २४३६. गटाची सरासरी मानकाच्या २० गुण खाली असेल तर उणे २० दिसतं. आम्हाला हे माप टक्क्यांपेक्षा बरं वाटतं, कारण मानकाच्या दोन गुण खाली राहिलेलं मूल आणि शंभर गुण खाली राहिलेलं मूल टक्क्यांत सारखंच मोजलं जातं.

लहान गटांचं वेगळंच. परीक्षा दिलेली मुलं दहा किंवा कमी असली तर निकालाच्या जागी तारांकन येतं, मुलं ओळखता येऊ नयेत म्हणून. डॅशबोर्डवर रंग मिळायला साधारण ३० मुलं लागतात. तीस-पस्तीस मुलांच्या गटात दोन मुलांनी शाळा बदलली तरी रंग पिवळ्याचा नारिंगी होऊ शकतो. म्हणून एका वर्षाच्या रंगावर आम्ही काहीच ठरवत नाही, निदान तीन वर्षं बघतो. आणि शाळेत द्विभाषिक वर्गांबरोबर फक्त इंग्रजीचे वर्गही चालत असतील, तर वेबसाइट दोन्हींचा निकाल एकत्रच दाखवते. अशा शाळेचे सार्वजनिक आकडे द्विभाषिक कार्यक्रमाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. वेगळे आकडे मुख्याध्यापकांकडे मागावे लागतात.

घरच्या आर्थिक स्थितीचा रकाना न बघता निकाल वाढला म्हणून पेढे वाटू नयेत. ‘वंचित’ या गटात सवलतीच्या जेवणाला पात्र मुलं येतात आणि ज्यांच्या आईवडिलांपैकी कुणीच हायस्कूल पूर्ण केलेलं नाही तीही येतात. समजा शाळेत परीक्षेला २०० मुलं आहेत, त्यातली १२० वंचित घरांतली. त्यांच्यातली ४८ जण, म्हणजे ४० टक्के, मानक गाठतात. बाकीच्या ८० पैकी ५६ जण, म्हणजे ७० टक्के. शाळेचा निकाल ५२ टक्के. पाच वर्षांत परिसर बदलला. आता वंचित ८०, बाकीची १२०. पहिल्या गटाचा निकाल ३५ टक्क्यांवर आला, दुसऱ्याचा ६५ वर. दोन्ही गटांतली मुलं पाच-पाच टक्क्यांनी मागं पडली. तरी २८ आणि ७८ मिळून १०६ झाले, आणि शाळेचा निकाल ५३ टक्के, एकानं वाढला. फलकावर लागतो तो हा वाढलेला आकडा. म्हणून आम्ही प्रत्येक वर्षी वंचित आणि बाकीचे असे दोन निकाल वेगळे काढतो आणि शेजारी प्रत्येक गटातली मुलं किती ते लिहितो. पालकांच्या शिक्षणानुसारही निकाल मिळतो, हायस्कूल अपूर्णपासून पदव्युत्तरपर्यंत. द्विभाषिक शाळेत हा रकाना फार बोलका असतो, कारण इंग्रजी गटातले पालक बहुधा पदवीधर असतात आणि स्पॅनिश गटातले बऱ्याचदा नसतात. भाषेमुळे दिसणारा फरक किती आणि घरच्या परिस्थितीमुळे किती, हे त्याशिवाय सुटं होत नाही.

जेवणाच्या फॉर्मबद्दल एक सांगायलाच हवं. २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियात सगळ्याच मुलांना शाळेत जेवण मोफत आहे. त्यामुळे उत्पन्नाचा फॉर्म भरायचं कारण पालकांना दिसत नाही आणि वंचित मुलांची नोंद कमी होते. शाळेच्या निधीचा काही भाग त्याच नोंदीवर येतो. प्रत्येक वर्गाच्या बॅक-टू-स्कूल रात्री (वर्षाच्या सुरुवातीला पालकांना शाळेत बोलावतात तेव्हा) टेबल टाकून, स्पॅनिश बोलणारा पालक बसवून हे फॉर्म भरून घेणं, हे आम्ही केलेल्या कामांत सगळ्यात उपयोगी ठरलेलं काम आहे.

तुलना करताना यंदाची तिसरी आणि गेल्या वर्षीची तिसरी शेजारी ठेवू नये. ती वेगळी मुलं आहेत. २०२३ ची तिसरी, २०२४ ची चौथी, २०२५ ची पाचवी अशी तिरपी रेघ ओढावी. त्यातही गळती लक्षात ठेवावी लागते. किंडरमध्ये २४ मुलांचे तीन वर्ग असले तर ७२ मुलं. पाचवीत त्यातली ५५ उरली असतील. नेहमीच्या शाळेत रिकाम्या जागा भरतात. इथं तिसरीत येणाऱ्या मुलाला स्पॅनिश वाचता-लिहिता आलं पाहिजे, म्हणून त्या रिकाम्याच राहतात. जी मुलं गेली ती कुठली? घरभाडं वाढलं म्हणून गेली की इंग्रजी वाचन जमत नाही असं वाटून पालकांनी काढली? अडखळणारी मुलं गेली असतील तर पाचवीचा निकाल आपोआप वर जातो. हे तपासायला आम्ही ऑफिसकडून एकच गोष्ट मागतो: दुसरीच्या शेवटी असलेल्या मुलांपैकी पाचवीपर्यंत राहिलेल्यांचे आणि गेलेल्यांचे दुसरीतले वाचनाचे सरासरी गुण.

ही निवडीची शंका संशोधकांनाही होतीच. ती टाळायला ओरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये लॉटरीचाच उपयोग करून घेतला गेला. लॉटरीत जागा मिळालेली आणि न मिळालेली मुलं तुलनेला घेतली, म्हणजे पालकांची हौस दोन्हीकडे सारखी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जागा मिळालेली मुलं पाचवीत इंग्रजी वाचनात सुमारे सात महिने आणि आठवीत नऊ महिने पुढं होती. गणितात फायदा नव्हता, तोटाही नव्हता. इलाना उमान्स्की आणि शॉन रीर्डन यांनी २०१४ मध्ये लॅटिनो ईएल मुलांचा बारा वर्षांचा डेटा तपासला. द्विभाषिक वर्गांतली मुलं प्राथमिक शाळेत रीक्लासिफाय व्हायला जास्त वेळ घेत होती, पण हायस्कूल संपेपर्यंत एकूण प्रमाणात इंग्रजी वर्गांतल्या मुलांच्या पुढं गेली. पाचवीपर्यंतचाच डेटा हातात असलेल्या प्राथमिक शाळेला हा उशीर तेवढा दिसतो, पुढची भरपाई दिसत नाही. म्हणून आम्ही मिडल स्कूलकडून आपल्या मुलांचे सातवीचे आकडे मागवायला सुरुवात केली.

परीक्षेच्या दिवशीही छोट्या गोष्टीनं घात होतो. गणिताचा पेपर स्पॅनिश आणि इंग्रजी एकाखाली एक अशा रूपात देता येतो. ज्यानं अपूर्णांक स्पॅनिशमध्ये शिकले त्याला याची गरज असते. पण ही सोय मुलाच्या नावापुढं परीक्षेआधी सिस्टिममध्ये चालू करावी लागते. विसरली तर पेपर नुसता इंग्रजीत उघडतो, आणि ऐन वेळी वर्गातल्या शिक्षकांच्या हातात काही नसतं. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी वर्गवार यादी तपासायची हे आता ठरलेलं आहे.

हजेरीचा रकाना मराठी घरांसाठी मुद्दाम लिहितो. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलेलं मूल दीर्घ गैरहजेरीत मोजलं जातं. १८० दिवसांत १८. नाताळच्या सुट्टीला तीन आठवडे जोडून पुण्याला जाऊन आलं की १५ गेले. तापाचे तीन दिवस धरले की मूल त्या यादीत. आधी अर्ज करून इंडिपेंडंट स्टडी (शाळेबाहेर राहून करायचा नेमून दिलेला अभ्यास) घेतली आणि दिलेलं काम पूर्ण करून दिलं तर ते दिवस हजेरीत धरतात. ९०:१० च्या शाळेत मात्र काम आणलं तरी पाच आठवडे स्पॅनिश कानावर पडत नाही. पहिलीतलं मूल परत आल्यावर दोन-तीन आठवडे चाचपडतं, म्हणून प्रवासात रोज वीस मिनिटं स्पॅनिश गोष्टी ऐकवा असं शिक्षिका आवर्जून सांगतात.

या सगळ्यातून आता आमचा तक्ता एका पानाचा झाला आहे. उभे रकाने तीन वर्षांचे. आडव्या ओळींत कधीही ईएल असलेली मुलं, वंचित, बाकीची, पालकांचं शिक्षण, गळती, हजेरी. प्रत्येक आकड्याशेजारी मुलांची संख्या. शेवटची ओळ स्पॅनिश वाचनाची. राज्याची स्पॅनिश परीक्षा तिसरीपासून आहे, पण ती ऐच्छिक आहे आणि डॅशबोर्डच्या रंगांत ती धरत नाहीत, म्हणून बहुतेक शाळा ती देतच नाहीत आणि द्विभाषिक शाळेच्या निकालात दुसरी भाषा कुठंच दिसत नाही. ती ओळ आमच्या तक्त्यात दोन वर्षं रिकामी होती. यंदा शिक्षकांनी तिसरी ते पाचवीला ती परीक्षा द्यायचं मान्य केलं आहे.